सहा दिवसांत दीडपट? वृषभ राशीतल्या एका तान्ह्या ताऱ्याचा हिशोब जुळत नाहीये

मास्तर_जुन्नरकर

मंडळी नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी जुन्नर तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांपैकी एक आमच्या बांधावरून दिसते. मी शाळेत असताना ती उभी राहत होती. तारांची जाळी बघून आजी विचारायची, "एवढ्या मोठ्या चाळणीतून काय चाळतात रे?" पंचेचाळीस मीटर व्यासाची चाळणी! तिला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आणि आज देता येईल असं वाटत होतं तर हा घोळ झाला.

झालं असं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पोरांना घेऊन खोडदला जातो. तिथे एकदा कळलं की जुन्या निरीक्षणांचा डेटा काही काळाने सगळ्यांसाठी खुला होतो. दिवाळीच्या सुट्टीत वृषभेतल्या एका तान्ह्या ताऱ्याची दोन निरीक्षणं उतरवून घेतली. ताऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही, माझी चूक निघाली तर निदान त्याची बदनामी नको. दोन्ही ६१० मेगाहर्ट्झची, ताऱ्यावर साधारण चार-चार तास, मध्ये सहा दिवसांचं अंतर. माझ्या लॅपटॉपवर एक चित्र तयार व्हायला दीड दिवस लागतो. तेवढा वेळ घरात दुसरं कुणी काही लावायचं नाही, असा नियम केल्यावर जे व्हायचं ते झालंच.

पहिल्या दिवशी तारा १.२४ मिलीजान्स्की (रेडिओ चमक मोजायचं एकक). सहा दिवसांनी १.८६. दोन्ही चित्रांतला गोंगाट ०.०६ च्या आसपास. म्हणजे दीडपट!

मी वाचलं होतं ते असं: असे तारे भोवतीच्या चकतीतून वायू ओढतात आणि त्यातला काही भाग दोन्ही ध्रुवांकडून सेकंदाला २००-३०० किलोमीटर वेगाने झोतासारखा बाहेर फेकतात. हा झोत रेडिओत दिसतो. चकतीतून जास्त माल पडला तर जास्त फेकला जाणार, रेडिओ चमक वाढणार. मी निष्कर्ष काढला की ताऱ्याला उचकी लागली आणि झोत फुगला. बारावीच्या वर्गात ऐटीत दोन्ही चित्रं दाखवली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, उचकी दुर्बिणीलाच लागली नसेल कशावरून?"

उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणी हे काम केलेलं असेल तर सांगा. हा बदल खरा मानायचा का, आणि खरा असेल तर तो झोताचाच का?

रात्रपाळी

मास्तर, मुलीला पहिला नंबर द्या.

माझी शंका वेगळीच आहे. ६१० ला जीएमआरटीची नजर साधारण ५ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्याहून बारीक तिला वेगळं दिसत नाही. वृषभेतले हे तारे ४५०-४६० प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्या ५ विकलांत ७०० खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) मावतात. आपली अख्खी ग्रहमाला आत टाकून वर भरपूर जागा उरेल. ज्या टी टाउरीच्या नावाने ही सगळी जात ओळखली जाते, तो स्वतः एक नाही, तीन आहेत! तेव्हा उचकी लागली असली तरी नक्की कुणाला लागली, हे तुमच्या चित्रावरून कळणार नाही.

कवडसा

सर, मी हे काम केलंय. पीएचडीची चार वर्षं यातच गेली, आता बंगळुरूला बँकेचं सॉफ्टवेअर बघते, त्यामुळे हा धागा दिसल्यावर ऑफिसचं काम बाजूला राहिलं.

आधी माझी फजिती सांगते. मलाही असाच एक "बदलणारा तारा" सापडला होता. दुसऱ्या निरीक्षणात ३० टक्क्यांनी खाली. खोडदच्या कंट्रोल रूममध्ये रात्र काढून, पहाटे कँटीनचे पोहेसुद्धा न खाता, मी गाइडला फोन लावला. समोरून एकच प्रश्न आला: "शेजाऱ्यांचं काय?" मला कळेचना. शेजारी म्हणजे त्याच चित्रातले बाकीचे ठिपके. ६१० मेगाहर्ट्झला एका अँटेनाचं दृष्टिक्षेत्र पाऊण अंशाच्या आसपास असतं, पूर्ण चंद्राहून मोठं. त्यात तुमचा तारा एक, आणि बाकी डझनांनी दूरच्या दीर्घिका, ज्यांना तुमच्या ताऱ्याशी काही देणंघेणं नाही. सहा दिवसांत त्या सगळ्या मिळून तीस टक्के मंद होणं शक्य नाही. माझ्या झाल्या होत्या. दुसऱ्या रात्री कॅलिब्रेटरच्या (ज्याची चमक आधीच माहीत असते आणि ज्यावरून बाकीचं माप ठरतं तो स्रोत) दहा मिनिटांत बाहेरची गडबड शिरली होती आणि मी ती नीट न कापता पुढे गेले होते. मापट्यालाच पोचा आला होता. त्या दिवशीचे पोहे थंडच खाल्ले.

तेव्हा आज रात्री हे करा. ताऱ्याजवळचे, चांगले ठळक, ठिपक्यासारखे दहा-बारा शेजारी निवडा. प्रत्येकाचं दुसऱ्या दिवसाचं माप भागिले पहिल्या दिवसाचं. सगळ्यांचं गुणोत्तर १ च्या आसपास आलं तर मापटं शाबूत. नाही आलं तर त्या गुणोत्तराने आधी ताऱ्याला भागा, मग बोलू. (कॅलिब्रेटरवर आंधळा विश्वास नको. ३सी४८ आणि ३सी१३८ हे आपले जुने भरवशाचे दगडसुद्धा वरच्या फ्रिक्वेन्सींना बदलताना पकडले गेलेत. ६१० ला काळजी कमी, पण एकदा अविश्वास शिकलं की माणूस सुधारतो.)

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर फळ्यावरच निघतं, डेटा उघडायचीही गरज नाही.

झोतातला वायू तापून विद्युतभारित झालेला असतो, तापमान साधारण १०,००० केल्व्हिन. मोकळे इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतात आणि वळताना रेडिओ लहरी सोडतात. या वायूची गंमत माळशेजच्या धुक्यासारखी आहे. कमी फ्रिक्वेन्सीला धुकं दाट, फक्त बाहेरची कड दिसते. फ्रिक्वेन्सी वाढवत जा, धुकं विरळ होतं, ताऱ्याच्या जवळचं दिसू लागतं. म्हणून ताऱ्याच्या पायाशी काय चाललंय हे बघणारे लोक अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीवर २०-४० गिगाहर्ट्झला बघतात. तुम्ही ६१० मेगाहर्ट्झला बघताय, म्हणजे पार घाटाच्या तोंडाशी उभे आहात.

हे घाटाचं तोंड किती मोठं? १०,००० केल्व्हिनच्या दाट वायूने ६१० मेगाहर्ट्झला १.२ मिलीजान्स्की द्यायचे असतील तर त्याचं आकाशातलं क्षेत्रफळ किती लागेल, ते रेले-जीन्सच्या सूत्रातून (तापमान आणि आकारावरून रेडिओ उजेड सांगणारं सूत्र) काढा. सुमारे ०.४५ वर्ग विकला येतं, म्हणजे बाजू पाऊण विकलेच्या थोडी आत. वृषभेच्या अंतरावर ती ९०-९५ खगोलीय एककं झाली. यापेक्षा लहान वायू एवढा उजेड देऊच शकत नाही, विरळ असेल तर उलट आणखी मोठा लागेल.

आणि ३०० किलोमीटर वेगाने धावणारा माल सहा दिवसांत जातो किती? एक खगोलीय एकक!

नव्वद एककांचा दिवा, आत एक एकक सरकलेला माल. ९० एककं ओलांडायला दीड वर्ष. सर, या दिव्याची चमक सहा दिवसांत दीडपट होणार नाही. तुमचा झोत फुगलेला नाही, हे मी तुमचा डेटा न बघता सांगते.

मग दोनच गोष्टी उरतात. एक, शेजाऱ्यांनीही उडी मारली असेल. दुसरी शक्यता मात्र भारी आहे: तुम्ही झोत बघताय असं समजत होतात आणि मध्येच ताऱ्याने स्वतः चटका दिला. या ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रं सूर्याहून कितीतरी जोरकस. क्षेत्ररेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात तेव्हा प्रकाशाच्या वेगाच्या आसपास पळणारे इलेक्ट्रॉन त्या रेषांभोवती गरगरत रेडिओ लहरी सोडतात. त्याला जायरोसिंक्रोट्रॉन म्हणतात, आणि तो तासाभरात चढतो, उतरतो. २० जानेवारी २००३ ला मृगातल्या तेजोमेघात जीएमआर-ए नावाचा तारा ८६ गिगाहर्ट्झवर काही तासांत पाचपटीहून जास्त वाढून १६० मिलीजान्स्कीवर गेला होता. त्याआधी त्या तरंगलांबीत तो दिसतही नव्हता, आणि त्या रात्री अख्ख्या तेजोमेघातला सगळ्यांत ठळक ठिपका झाला.

म्हणून शेजाऱ्यांनंतर दुसरं काम: चार तासांचं एकच चित्र करू नका. वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा आणि प्रत्येकात तारा मोजा. गोंगाट वाढून ०.२ होईल, चालेल.

तिसरं: तुमच्या फाइलमध्ये आरआर आणि एलएल असे दोन भाग आहेत, उजवीकडे आणि डावीकडे वळणाऱ्या लहरींचे. ६१० चे फीड (अँटेनातले लहरी पकडणारे भाग) वर्तुळाकार ध्रुवणाचे, म्हणजे अशा वळणाऱ्या लहरी वेगळ्या पकडणारे आहेत, त्यामुळे दोन्हींची वेगवेगळी चित्रं काढून वजाबाकी करता येते. (हाच खेळ १४०० च्या बँडला करायला जाऊ नका, तिथले फीड सरळ ध्रुवणाचे आहेत.) वायूच्या उष्ण झोतात ही वजाबाकी शून्य. चटक्यात शून्य नसते, बऱ्याचदा. शेजारी दीर्घिकांची वजाबाकीही काढा, ती शून्यच यायला हवी.

द्राक्षवाला_नाशिक

कवडसाताई, बरंच डोक्यावरून गेलं पण दीड वर्षाचं गणित आवडलं. मग झोत खरोखर वाढलेला कधी कुणी पाहिलाय का? की हे सगळं "शक्यच नाही" म्हणून सोडून द्यायचं?

कवडसा

पाहिलाय की. आणि धीर धरणाऱ्यांनीच पाहिलाय.

एस२५५ नावाच्या प्रदेशात, सुमारे ६,००० प्रकाशवर्षांवर, २० सूर्यांइतक्या वस्तुमानाचा एक तान्हा तारा आहे, एनआयआरएस३. २०१५ मध्ये त्याच्या भोवतालचा मिथेनॉल मेसर अचानक भडकला. मेसर म्हणजे निसर्गाने केलेला लेसर, पण मायक्रोवेव्हमध्ये. पाठोपाठ अवरक्त प्रकाशातही तारा उजळलेला दिसला. चकतीतून मोठा घास एकदम ताऱ्यावर पडला होता. रेडिओवाले टपून बसले. झोत मात्र लगेच हलला नाही. व्हीएलएच्या मापांत तो चढायला लागला १० जुलै २०१६ पासून, घास पडल्यानंतर साधारण तेरा महिन्यांनी! मग चढत गेला. खाल्लेलं तिथे तेरा महिन्यांनी बाहेर येताना दिसलं. आमच्या क्षेत्रात इतका स्वच्छ कार्यकारणभाव फार कमी वेळा बघायला मिळतो, माझी तर तो पेपर वाचताना मत्सराने झोप उडाली होती.

आणि खोडदचं नाव घेतलंच आहे म्हणून सांगते, झोतांच्या अभ्यासात आपल्या चाळणीचं काम मोठं आहे. डब्लिनच्या एका गटाने वृषभेतल्याच डीजी टाउरीकडे जीएमआरटी लावून ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झवर बघितलं. झोत समोरच्या वायूवर जिथे आदळतो तिथे फ्रिक्वेन्सी कमी करावी तसा उजेड वाढत गेला. १०,००० केल्व्हिनचा वायू असं करत नाही. म्हणजे धडकेत इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाला पोहोचून चुंबकीय क्षेत्रात गरगरत सिंक्रोट्रॉन लहरी सोडत होते, तेही सूर्याएवढ्या साध्या ताऱ्याच्या झोतात. २०१४ ला ते छापून आलं. कमी फ्रिक्वेन्सीची मोठी दुर्बीण नसती तर हे वायूच्या उजेडाखाली झाकलं गेलं असतं.

सरांच्या ताऱ्यात असा ठिपका असेल तर तोही सहा दिवसांत बदलणार नाही. काही झालं तरी घोडं तिथेच अडतं.

रात्रपाळी

चिमूटभर मीठ टाकतो. वर्तुळाकार ध्रुवण दिसलं की लगेच "ताऱ्याचा पृष्ठभाग" म्हणू नका. १९९७ मध्ये इंग्लंडच्या मर्लिन या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने टी टाउरीच्या दक्षिणेकडच्या जोडीदाराभोवती दोन भाग दाखवले होते, एकाचं ध्रुवण उजवं, दुसऱ्याचं डावं, आणि ते ताऱ्यापासून बरेच बाहेर, बाहेर फेकल्या जाणाऱ्या मालात. चुंबकीय क्षेत्र झोताबरोबर प्रवासाला निघतं. ध्रुवणापेक्षा चमक किती वेगाने बदलली त्यावर भर द्या.

मास्तर_जुन्नरकर

अकरा दिवसांनी उगवतोय, माफ करा. मध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षा होत्या, आणि हार्ड डिस्क भरली.

शेजाऱ्यांपासून सुरुवात केली. बारा निवडले, एक लांबट निघाला म्हणून काढला. उरलेल्या अकरांचं गुणोत्तर १.१४ ते १.२१, मधलं १.१७. म्हणजे मापट्याला सतरा टक्के पोचा होताच! मागच्या बाकावरची बाई बरोबर होती. दुसऱ्या दिवसाच्या १.८६ ला १.१७ ने भागलं, १.५९ आले. दीडपट गेली, १.२८ पट उरली. इथे थांबावंसं वाटलं होतं, कारण ०.३५ चा फरक आणि ०.०८ ची चूक म्हणजे तसा दमदार, पण पेपरात छापण्यासारखा नाही.

मग तुकडे केले. बारा तुकडे, बारा चित्रं, तीन रात्री. पहिले दहा तुकडे १.० ते १.४ मध्ये, सगळे ०.२ च्या गोंगाटात बसणारे, पहिल्या दिवसासारखेच. अकरावा ३.०. बारावा ३.६.

मी पहाटे साडेचारला घरात एकटाच उभा राहिलो.

शेवटच्या चाळीस मिनिटांत आरआर ४.२, एलएल २.४. शेजाऱ्यांपैकी पाच ठळक दीर्घिकांची वजाबाकी काढली, पाचही गोंगाटात गडप. आधीच्या तीन तास वीस मिनिटांत ताऱ्याची वजाबाकीही गडप.

रात्रपाळी यांचं म्हणणं लक्षात ठेवून वेगाचा हिशोब केला. चमक चाळीस मिनिटांत वाढली म्हणजे उगम चाळीस प्रकाश-मिनिटांहून फार मोठा नसावा, पाचेक खगोलीय एककं. एवढ्याशा जागेतून जादाचे दोन मिलीजान्स्की यायचे तर तापमान साठ लाख केल्व्हिनच्या खाली चालतच नाही. झोताच्या दहा हजारांत ते कुठून येणार. कवडसाताई, चटकाच आहे तो. कुणाचा, हे मात्र ५ विकलांत कळत नाही, ते मान्य. आणि निरीक्षण नेमकं चढावरच संपलंय! पुढच्या तासात काय झालं ते कुणाजवळच नाही. ज्यांनी वेळ मागितली होती ते बहुधा झोताचंच बघत होते, सरासरी चित्र काढून पुढे गेले असतील.

थोडं वाईट वाटलं, मला झोत बदललेला बघायचा होता. वर्गात नव्वद एककांचं गणित फळ्यावर करून दाखवलं. तीच मुलगी म्हणाली, मग झोत बघायचा तर सहा दिवसांनी कशाला बघायचं, दीड-दोन वर्षांनी बघा. घरी येऊन आर्काइव्ह उघडलं, तर त्याच ताऱ्याचं तिसरं निरीक्षण आहे, तीन वर्षांनंतरचं, पण ते नव्या रुंद बँडचं, ५५० ते ८५०. फाइल एवढी मोठी की आधी डिस्क आणायला नारायणगावला जावं लागणार. रुंद बँडमधून फक्त ६१० च्या आसपासची पट्टी कापून घेतली तर पहिल्या दिवसाशी तुलना चालेल का, ताई? की त्यालाही शेजारीच विचारायचे?

कवडसा

पट्टी कापा, आणि शेजारी विचाराच. पण आधी तुकडे, मग सरासरी. आणि सर, तिला सांगा, माझा नंबर हवा असेल तर मेसेज करा म्हणावं.